तुझ्या पुस्तकातल्या नन्स

दादा,

तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. अध्यक्षांनी माइकवरून माझं नाव घेतलं, "आता सरांच्या धाकट्या भगिनी शैलाबेन दोन शब्द बोलतील." मी बसल्या जागेवरून हात जोडले आणि मान हलवली. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलंय. शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो मी फिरवू दिला, कारण खरं कारण त्या ठिकाणी सांगण्यासारखं नव्हतं. मला राग आला होता. अजून आहे.

सभा आपल्या शाळेच्याच हॉलमध्ये झाली. निम्मे लोक इंग्रजीत बोलले, निम्मे गुजरातीत. मराठीत फक्त तुझे ते निवृत्त ग्रंथपाल मित्र बोलले, तेही दोन मिनिटांत उरकून "बाकी सगळं आपण जाणताच" म्हणून बसले. जो उठला तो एकच सांगत होता, सरांनी शाळा वाचवली. इमारत उभी आहे, गणवेशातली मुलं येतात, दारात बसगाड्या लागतात, त्या अर्थाने वाचवलीच म्हणायची. मी समोर बसून हॉलच्या भिंतींकडे बघत होते. त्या भिंतींवर एकही मराठी अक्षर उरलेलं नाही.

वहिनी नंतर म्हणाली, "काहीतरी बोलायचं होतंस गं. बरं दिसलं असतं." तिच्याशी वाद घालण्याची ती वेळ नव्हती. पण तुझ्याशी भांडायची मला जन्माची सवय आहे, आणि तुझ्या पाठीमागे तुझ्याबद्दल बोलायची अजिबात नाही. म्हणून हे तुलाच सांगते.

तू अमेरिकेहून परत आलास तेव्हा आपल्या घरात कितीतरी दिवस फक्त तूच बोलत होतास. तळ्याकाठच्या कुठल्याशा शहरात, पाद्र्यांनी चालवलेल्या विद्यापीठात राहून तू अभ्यास केलास तो तिथल्या कॅथलिक शाळा आणि विद्यापीठांच्या इतिहासाचा. बडोद्यातल्या मराठी घरातला मुलगा एवढा समुद्र ओलांडून हे शिकायला जातो, याचं आपल्या आप्पांना शेवटपर्यंत कोडं होतं. तू जायला निघालास तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "पाद्र्यांच्या शाळा शिकून तुला काय मिळणार?" तू म्हणालास, "आप्पा, परक्या मुलखात गेलेल्या लोकांनी आपली मुलं आपली कशी ठेवली ते मला बघायचंय. आपणही परक्या मुलखातच आहोत." आप्पांचे आजोबा इथल्या दरबारात कारभारी होते. आप्पा म्हणाले, "बडोदं परका मुलूख कधीपासून झालं?" आणि ताटावरून उठले. तू तेव्हा हसलास. मीही हसले. आता वाटतं, आप्पांचा प्रश्न चांगला होता.

पण तू सांगायचास मात्र असं, की आई हातातलं काम सोडून दारात उभी राहायची. आयर्लंडहून उपाशीपोटी निघालेली माणसं, बोटीतून उतरल्यावर कालवे खणणारी, रूळ टाकणारी. त्यांची मुलं सरकारी शाळेत गेली की तिथे रोज सकाळी दुसऱ्या पंथाचं बायबल वाचायला लागायचं आणि पाठ्यपुस्तकात त्यांच्या धर्मगुरूंची टिंगल असायची. त्यावरून एका शहरात दंगल झाली, चर्चं जळाली. मग या लोकांनी ठरवलं, सरकारच्या मदतीवाचून आपल्या शाळा आपण बांधायच्या. जिथे चर्च तिथे शाळा. जर्मन आले, त्यांनी बांधल्या. पोलिश आले, इटालियन आले. कुठे तळमजल्यावर वर्ग आणि वरच्या मजल्यावर प्रार्थना, कारण दोन इमारती परवडत नव्हत्या. आणि त्याच शाळांच्या डोक्यावर हळूहळू कॉलेजं उभी राहिली, मग विद्यापीठं, जिथे मजुरांची नातवंडं वकील आणि डॉक्टर होऊन बाहेर पडली.

हे मला तू दिलंस, ते मी नाकारणार नाही. इतिहास म्हणजे सनावळी एवढंच मला ठाऊक होतं. जेवणाच्या टेबलावर एखादं शहर उभं करता येतं, हे मी तुझ्याकडून शिकले. पुढे वर्गात चुंबक शिकवताना मी जी गोष्ट सांगायचे, ती सांगायची रीत तुझी होती.

आणि त्याच रीतीने तू मला अडकवलंस.

मला नवसारीला सरकारी हायस्कूलमध्ये विज्ञान शिक्षिकेची नेमणूक मिळाली होती. राहायची सोय झाली होती, आईने नवीन गादीही भरून आणली होती. घरापासून लांब, स्वतःच्या खोलीत राहायचं, याचा मला किती आनंद झाला होता ते मी कुणाला दाखवलं नव्हतं. तू तेव्हा नुकताच आपल्या मराठी शाळेच्या विश्वस्त मंडळावर आला होतास. संध्याकाळी गच्चीत येऊन माझ्याजवळ उभा राहिलास.

"शैला, आपल्या शाळेत विज्ञानाला कुणी नाही."

"जाहिरात द्या."

"जाहिरात देऊन नोकरी करणारं कुणीतरी मिळेल. मला शाळा आपली मानणारं माणूस हवंय."

मग तू मला नन्सची गोष्ट सांगितलीस. ती तू टेबलावर कधी सांगितली नव्हतीस, माझ्यासाठी राखून ठेवली होतीस जणू. वीस-बावीस वर्षांच्या मुली, स्वतःचं शिक्षण अर्धवट असलेल्या, साठ-साठ पोरांच्या वर्गात उभ्या केल्या जात. दिवसभर शिकवायचं आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत स्वतःची पदवी हप्त्याहप्त्याने पुरी करायची. सगळं आयुष्य त्यात. "त्या नसत्या तर एक शाळा उभी राहिली नसती," तू म्हणालास. "बाकी सगळे आम्ही बोलणारे."

मी नवसारीला नकार कळवला. तू मला फसवलंस असं मी म्हणत नाही. तू म्हणालास ते मला खरं वाटलं, आणि ते खरंच होतं. पुढे तूच ते विसरलास, हे माझं दुखणं आहे.

शाळेतली पहिली वर्षं मी फार सुखात काढली, हेही ऐक. दांडिया बाजारातली, निजामपुऱ्यातली मुलं. कुणाचे पणजोबा गायकवाडी फौजेत होते, कुणाच्या घरी अजून जुनी तलवार खुंटीला होती आणि वडील मात्र मकरपुऱ्याला कंपनीच्या बसने पाळीवर जायचे. घरात मराठी, गल्लीत गुजराती, सिनेमाची हिंदी. मी 'वनस्पतींचं श्वसन' सांगितलं की पोरं विचारायची, "बेन, म्हणजे झाड श्वास लेतं का?" मी 'घेतं' म्हणून सुधारायचे आणि मग समजावून सांगायचे. तू वार्षिक समारंभाला यायचास, भाषण करायचास, टाळ्या घ्यायचास. मला त्याचं वाईट वाटत नसे. ज्याचं त्याचं काम.

मग हवा बदलली. मकरपुऱ्यात नव्या कंपन्या आल्या, जुन्यांना नवे साहेब आले. घराघरांत केबल आली. निजामपुऱ्याच्या रस्त्यावर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या एकावर एक चढल्या. तिकडे गोत्रीला सोसायट्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी शाळा. दर जूनमध्ये आपला एखादा वर्ग रोडावलेला दिसायचा. तू म्हणायचास, "लाट आहे, ओसरेल."

मोहितेबाई आल्या तो दिवस मी तुला कधी नीट सांगितला नाही. त्यांचे यजमान मकरपुऱ्याला फिटर. मुलगी कल्याणी माझ्या आठवीतली सगळ्यात हुशार. बाई दाखला मागायला आल्या होत्या आणि खुर्ची दिली तरी बसत नव्हत्या.

"शैलाबेन, रागावू नका. तिचे पप्पा म्हणतात, कंपनीत आता नवीन पोरं लागतात ती सगळी इंग्रजीत बोलतात. यांना पंधरा वर्षं झाली तरी यांना कुणी विचारत नाही."

"तिचं इंग्रजी मी बघते. शाळा सुटल्यावर रोज बसवते तिला."

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग अगदी हळू, मला दुखवायचं नाही अशा बेताने म्हणाल्या, "सरांची ऋचा कुठल्या शाळेत जाते, बेन?"

मला काय उत्तर द्यायचं होतं? सगळ्या निजामपुऱ्याला माहीत होतं की मराठी शाळेच्या विश्वस्तांची मुलगी कॉन्व्हेंटमध्ये जाते. मी दाखला तयार करायला सांगितला. कल्याणी दाराबाहेर उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी मी तुझ्या गोत्रीच्या घरी आले. ऋचा आतल्या खोलीत गृहपाठ करत होती. मी चप्पल काढता काढताच विचारलं, "तू ऋचाला तिथे का घातलंस?"

तू चष्मा काढलास. "कारण त्या नन्स उत्तम शिकवतात. मी आयुष्य त्यांच्या शाळांवर घालवलंय, शैला. मला नाही कळणार तर कुणाला?"

"आणि मी?"

"तूही उत्तम शिकवतेस."

"मग?"

वहिनी चहा घेऊन आली. "आधी चहा घे शैला, मग भांड." तू कप हातात घेतलास आणि म्हणालास, "माझी मतं मी पोरीच्या आयुष्यावर लादू शकत नाही."

"मोहितेबाईंच्या पोरीच्या आयुष्यावर लादू शकतोस?"

"नाही. म्हणून तर तिला जाऊ दे म्हणतो."

तुझं हे असं. तुझं उत्तर नेहमी बरोबर असायचं. तुझ्याशी भांडून घरी जाताना रिक्षात माझ्या लक्षात यायचं, की माझा प्रश्न तिथेच टेबलावर राहिला, कुणी त्याला हात लावला नाही. तू स्वतः ज्या पुलावर पाय ठेवला नसतास त्यावर मला आणि दुसऱ्यांच्या मुलांना उभं केलं होतंस. तो पूल चांगला आहे, असं तू भाषणात सांगायचास.

त्याच सुमारास तुझं पुस्तक छापायला गेलं. मुद्रितं तू माझ्याकडे दिलीस, कारण माझ्या नजरेतून चूक सुटत नाही असं तू सगळ्यांना सांगायचास. मी रोज शाळा सुटल्यावर ती घेऊन बसायचे. बिशप होते. विद्यापीठांचे संस्थापक होते, कुलगुरू होते, रोमहून आलेली आज्ञापत्रं होती. मी वाट बघत राहिले, की आता नन्स येतील. गच्चीत सांगितलेल्या त्या मुली. त्या आल्या, एका परिच्छेदात. 'या कार्यात त्यागी भगिनींचा वाटा मोलाचा होता.' मग पुन्हा बिशप.

मी मुद्रितं घेऊन तुझ्याकडे आले. तुला आठवत असेल, तू मोगऱ्याला पाणी घालत होतास.

"दादा, एका राज्याने सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालायची सक्ती केली होती, तो खटला. तू लिहिलंयस, चर्चने तो सर्वोच्च न्यायालयात जिंकला. खाली तळटीपेत म्हणतोस, खटला नन्सच्या संघाने लावला होता."

"तेच ते. नन्स म्हणजे चर्चच की."

"पण बिशपने शाळा बांधली तिथे तू त्या बिशपचं नाव घालतोस. तिथे नाही म्हणत, चर्चने बांधली."

तू हसलास. "मुद्दा चांगला आहे."

"आणि मुलींची कॉलेजं? पुरुषांची विद्यापीठं मुलींना घेत नव्हती तेव्हा नन्सनी मुलींसाठी स्वतः कॉलेजं काढली ना? तूच सांगितलं होतंस मला. ते कुठे आहे?"

"शैला," तू झारी खाली ठेवलीस, "इतिहास निर्णय घेणाऱ्यांचा लिहावा लागतो. वर्गात उभं राहणाऱ्यांचे कागद मागे राहत नाहीत."

"राहत नाहीत, की तू मागितले नाहीस?"

फोन वाजला म्हणून तू आत गेलास. पुस्तक आलं तेव्हा ऋणनिर्देशात शेवटच्या ओळीत होतं, 'मुद्रिते तपासून देणाऱ्या माझ्या भगिनीचे आभार.' नाव नव्हतं. मी ते पान वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, "अगं, घरच्यांची नावं कोण घालतं?" पण तिचं होतं.

हे सगळं मी गिळलं असतं, दादा. माणसं पुस्तकं लिहितात, त्यात चुकतात. पण मग तू त्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत आलास. तू कधी तिथे येत नसस. स्टूल ओढून बसलास, टेबलावरच्या परीक्षानळ्या उगाच सरळ केल्यास आणि म्हणालास, "मंडळाचं ठरलंय. जूनपासून शाळा इंग्रजी माध्यमाची करायची."

आणि तू बोलत राहिलास. तुझ्या आवाजात तीच टेबलावरची रीत होती. तिकडे एकोणीसशे साठच्या दशकात कॅथलिक विद्यापीठांपुढे हाच प्रश्न आला होता. पाद्र्यांच्या हातातच राहून आक्रसून जायचं, की कारभार बाहेरच्या लोकांच्या मंडळाकडे सोपवून जगाबरोबर चालायचं. ज्यांनी सोपवला ती विद्यापीठं आज नावाजलेली आहेत. गल्लीतल्या चर्चच्या शाळा बदलल्या नाहीत, त्या शेकड्यांनी बंद पडल्या. "टिकायचं असेल तर बदलावं लागतं, शैला. इतिहास हेच सांगतो."

मला तेव्हा काय सुचलं असेल? मी पुन्हा गच्चीत उभी आहे असं वाटलं. एकाच इतिहासाने तू मला एकदा बांधून घातलंस आणि त्याच इतिहासाने आता सोडून देत होतास. दोन्ही वेळा तुझा आवाज तितकाच गोड होता.

"शिक्षकांचं काय?" मी विचारलं.

"ज्यांना इंग्रजीतून शिकवता येईल ते राहतील. तुला येईल."

"आणि बाकीच्यांना?"

"बघू काहीतरी."

"आठवीतली मुलं? मध्येच माध्यम बदलून ती दहावी कशी देणार?"

"त्यांना जवळच्या गुजराती शाळेत सामावून घ्यायचं बोलणं चाललंय."

घंटा झाली. मी म्हटलं, "माझा तास आहे." तू उठलास, माझ्या खांद्यावर थोपटलंस आणि गेलास. त्या तासाला मी आठवीला काय शिकवलं ते मला आठवत नाही. त्यांचे चेहरे तेवढे आठवतात.

पुढच्या बैठकीला मी बोलावणं नसताना गेले. अध्यक्ष भले माणूस, आपल्यातले नव्हेत, पण शाळेला त्यांचा आधार होता. म्हणाले, "बेन, जरा प्रॅक्टिकल विचार करो ने." मी म्हटलं, "तुमचं ठरलंय ते ठरलंय. पण आठवीतली मुलं याच शाळेतून, मराठीतून दहावी देतील. तोवर मी इथून हलणार नाही. शिकवायला कुणी नसेल तर सगळे विषय मी शिकवीन." माझा आवाज चढला होता. सगळे तुझ्याकडे बघायला लागले, कारण मी तुझी बहीण. तू बराच वेळ टेबलाच्या काचेकडे बघत होतास. मग म्हणालास, "तेवढं होऊ द्या." एवढंच बोललास, पण तेवढ्याने काम झालं. मी तुझे आभार मानले नाहीत. मानायला हवे होते असं मला आजही वाटत नाही.

आम्हाला मागच्या अंगाचे वर्ग मिळाले, सायकल स्टँडकडचे. पुढच्या अंगाला नवीन रंग, नवीन बाक, टाय लावलेली लहान मुलं. मागे आम्ही. इतिहासाचे सर दुसरी नोकरी मिळून निघून गेले आणि मी तो विषय अंगावर घ्यायच्या तयारीत होते, तर एका सकाळी तू दारात उभा. विद्यापीठातला नावाजलेला प्राध्यापक, हातात नववीचं पाठ्यपुस्तक. म्हणालास, "इतिहास मी घेतो." मी बाजूला झाले.

दोन्ही वर्षं तू आलास. परीक्षेचे दिवस असोत, तुझी पाठ धरलेली असो, आलास. शोकसभेत याचं किती कौतुक झालं. एवढे मोठे सर, पण शाळेच्या शेवटच्या मराठी तुकडीला स्वतः शिकवायचे. शेवटची तुकडी शेवटची का होती, हे कुणी विचारलं नाही.

आता जे सांगते ते तुला ठाऊक नाही. तू शिकवायचास तेव्हा मी शेजारच्या रिकाम्या वर्गात वह्या तपासत बसायचे. मधली भिंत अर्धवट, सगळं ऐकू यायचं. एकदा धडा लवकर संपला तेव्हा तू मुलांना तुझ्या अमेरिकेची गोष्ट सांगितलीस. बोटी, कालवे, जळलेलं चर्च, तळमजल्यावरचे वर्ग. मुलं चिडीचूप. माझी लेखणी थांबली. मनात म्हटलं, याला लाज कशी वाटत नाही. यांचीच शाळा मोडून यांनाच शाळा बांधण्याची गोष्ट सांगतो.

मग वासंती शिर्के उठली असावी. तिचा आवाज मी ओळखला. "सर, त्या शाळा अजून आहेत?"

"काही आहेत. पुष्कळ बंद झाल्या."

"का बंद झाल्या?"

तू थांबलास. तू मंडळाला दिलंस ते उत्तर देशील, जगाबरोबर चालायचं वगैरे, असं मला वाटलं. बाहेर पुढच्या अंगाची पोरं खेळत होती, तेवढाच आवाज. मग तू म्हणालास, "शिकवणाऱ्या बायका निघून गेल्या, म्हणून. शाळा त्याच चालवत होत्या. हे फार उशिरा लोकांच्या लक्षात आलं."

मी तिथेच बसून राहिले. भिंतीच्या अलीकडे येऊन तू मला हे सांगशील, अशी मी त्या दिवशी वाट बघितली. तास संपल्यावर तू माझ्या दारावरून गेलास, "चलतो गं," म्हणालास आणि गाडीत बसलास. पुस्तकात नाही, मंडळापुढे नाही, मला तर नाहीच. पंधरा वर्षांच्या पोरांना सांगितलंस, जी ते घरी जाईपर्यंत विसरणार होती. मला तुझा सगळ्यात जास्त राग आला तो त्या दिवशी. तुला कळत नव्हतं असं समजून मी इतकी वर्षं भांडत होते. तुला सगळं कळत होतं.

मुलं दहावी झाली, सगळी. वासंतीने गणितात शाळेच्या आजवरच्या मुलांत सगळ्यात जास्त गुण मिळवले. निकालाच्या दिवशी पेढे वाटले आणि मागचे वर्ग बंद केले. इंग्रजी माध्यमात राहायचा तुझा प्रस्ताव मी घेतला नाही. निजामपुऱ्यात घरीच शिकवायला लागले. ज्यांना नव्या शाळेत विज्ञान कळत नाही, अशी मुलं येतात. बहुतेक आपल्याच शाळेतली. त्यांना मी इंग्रजी पुस्तकातला धडा आधी मराठीत सांगते, मग ती इंग्रजीत लिहितात. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू हसून म्हणाला असतास, "बघ, म्हणजे बदललीसच की."

मधली वर्षं आपण एकमेकांकडे जात होतो. भाऊबीजेला मी तुला ओवाळलं, तू शेव-उसळीच्या गाडीवर मला घेऊन गेलास, ऋचाच्या लग्नात मी वहिनीच्या मागे उभी राहून अक्षता टाकल्या. भांडणही चालूच होतं, पण अमेरिकेवरून. आपल्या शाळेचं नाव दोघांनीही काढायचं नाही, असं न ठरवता ठरून गेलं होतं. तू म्हणायचास, शाळा बंद झाल्या त्या पैशाअभावी. मी म्हणायचे, फुकट राबणारी माणसं गेल्यावरच पैसे कमी पडतात. तू म्हणायचास, हे फार सोपं करून सांगतेस. वहिनी म्हणायची, "तुम्हा दोघांना त्या बायकांचं काय पडलंय एवढं?"

तुझ्या दुखण्यात दुपारी तुझ्याजवळ बसायची पाळी माझी असायची. तू वाळून गेला होतास, आवाजही बसला होता. शेवटी एकदा, वहिनी जेवायला घरी गेली असताना, तू डोळे मिटूनच म्हणालास, "शैला, ते पुस्तक परत लिहायला हवं होतं."

मी पाण्याचा पेला तुझ्याजवळ सरकवला.

"सुरुवातच चुकली."

"कुठून करायला हवी होती?" मी विचारलं.

तू इतका वेळ गप्प होतास की मला वाटलं, झोप लागली. मग म्हणालास, "सकाळी वर्गाचं कुलूप कोण काढतं, तिथून."

एवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली. तिने तुझी बाही वर केली आणि मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. ती गेली तोवर तुला खरंच झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी तू बोलण्याच्या स्थितीत नव्हतास, आणि त्यानंतर नाहीच.

दादा, याला क्षमा मागणं म्हणतात का, ते मला ठाऊक नाही. तुझी सभा भरल्या हॉलमध्ये झाली, आणि हे तू दवाखान्याच्या खोलीत म्हणालास, ऐकायला मी एकटी. तुझी तीन वाक्यं एका पारड्यात आणि माझी सगळी वर्षं दुसऱ्यात, असा हिशेब मी मांडला तर तो जुळत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, हिशेब कशाला मांडतेस. तेही तुझ्यासारख्यालाच परवडतं.

मी त्या दुपारी तुझा हात धरला नाही. धरावासा वाटला, पण धरला असता तर तुला वाटलं असतं की झालं, मिटलं. मी पांघरूण सारखं केलं आणि वहिनी येईपर्यंत बसून राहिले. उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आता देते. हो, परत लिहायला हवं होतंस. मी मुद्रितं तपासून दिली असती.

शैला